गाठीत शिरलेले शिपाई

विश्वस्त मंडळाने या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्हांस लेख मागितला, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. बीदरच्या माणसाने लिहावयाचे म्हणजे महमूद गवानाचा मदरसा, नाही तर बिदरी काम, हे ठरलेलेच. परंतु त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या ट्रस्टकडे औषधोपचाराच्या मदतीसाठी जे अर्ज येतात ते बैठकीत वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे असते. त्या अर्जांत गालाचा, जिभेचा, हिरडीचा, घशाचा कर्करोग हे शब्द इतक्या वेळा येतात, की याच विषयातील एक भाग आपल्या कुटुंबांतील मंडळींना समजावून द्यावा असे वाटले. त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्या स्वतःच्या चुकीचे आहे. तेच आधी सांगतो.

आमचे एक मामू तंबाखू-चुना मळण्यात पटाईत. उजव्या गालफडात गोळी धरण्याची त्यांची तीस वर्षांची सवय. त्याच जागी पांढरा चट्टा उठला, चट्ट्याची जखम झाली, ती भरून येईना. अखेर तुकडा काढून तपासणीस पाठविला व रिपोर्ट हाती आला. घरात इंग्रजी वाचणारे आम्ही, त्यातून विज्ञानाचे शिक्षक. तेव्हा कागद आमच्या हाती देऊन सारे घर सभोवती बसले. कर्करोग आहे एवढे तर सर्वांना डॉक्टरांनी सांगितलेच होते. रिपोर्टाच्या शेवटी मात्र एक ओळ होती, तिचा अर्थ आम्ही असा सांगितला : "गाठीत आणि गाठीच्या कडेला पांढऱ्या पेशींची दाट घुसखोरी झाली आहे." शब्दास शब्द ठेवला तर भाषांतर बरोबर होते, अर्थ मात्र साफ उलटा पोहोचला. घुसखोरी म्हणताच मामींनी पदर तोंडाला लावला. कोणी म्हणाले, रोग रक्तात गेला. मामू तेवढे शांत होते. ते म्हणाले, "बेटा, मग आता कापून काय करायचं? राहू दे." शल्यक्रियेची तारीख ठरली होती, ती मोडली. तीन आठवडे असेच गेले.

तुकडा तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांकडे आम्ही संकोचत गेलो, तेव्हा त्यांनी आम्हांस सूक्ष्मदर्शकाशी बसविले. शाळेत कांद्याची साल दाखविणारे आम्ही. येथे विद्यार्थी झालो. गुलाबी, मोठमोठ्या, वेड्यावाकड्या पेशींचे पुंजके दिसले, ती गाठ. आणि त्या पुंजक्यांच्या भोवती व फटींतून मोहरी सांडावी तसे बारीक, गोल, गर्द जांभळे ठिपके. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, घुसखोर हेच. पण हे आपले आहेत. हे लढायला आलेले आहेत. अशी गर्दी असली तर आम्हाला बरंच वाटतं."

एवढ्या एका वाक्यासाठी तीन आठवडे गेले होते. त्यानंतर जे काही वाचले व जाणत्यांना विचारले, ते येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

या ठिपक्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. इ. स. १८८२ मध्ये मेच्निकॉफ नावाचा रशियन शास्त्रज्ञ सिसिली बेटावरील मेस्सिना गावी होता. समुद्रातील तारामाशाची पिले काचेसारखी पारदर्शक असतात. त्याने एका पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! परकी वस्तू अंगात शिरली की तिच्यावर चालून जाणाऱ्या पेशी शरीरात असतात, हे त्यावरून त्याने ताडले. १९०८ साली त्याला पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जर्मनीचे विर्खो यांनी कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी पाहिल्या होत्या. जेथे दीर्घकाळ दाह चालतो तेथे कर्करोग उद्भवतो, असा तर्क त्यांनी त्यावरून केला. म्हणजे पाहा, आमच्या घरात जो प्रश्न उठला तोच विद्वानांपुढेही होता : या पेशी रोगाच्या बाजूच्या की रोग्याच्या? आज असे म्हणावे लागते की दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. तंबाखू, चुना व सुपारी यांनी वर्षानुवर्षे चोळलेल्या गालात दाह पेटता राहतो व तो पेशी बिघडण्यास हातभार लावतो. परंतु गाठ एकदा उभी राहिल्यावर तिच्याशी झुंजणारेही याच सैन्यातून निघतात.

सैन्य म्हटले तरी त्यात सगळे शिपाई एका हुद्द्याचे नसतात. सर्वांत महत्त्वाच्या त्या टी-पेशी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी असते, तिच्यात यांची तालीम होते. १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर यांनी उंदरांच्या नवजात पिलांची ही ग्रंथी काढून तिचे महत्त्व सिद्ध केले; त्यापूर्वी ती निरुपयोगी समजली जाई. टी-पेशींतील काही मारेकरी असतात, काही मदतनीस. आपल्या शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी आपल्या पोटात कोणती प्रथिने बनत आहेत त्याचे बारीक नमुने आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवीत असते. जणू दुकानदाराने मालाची वानगी दारात ठेवावी. मारेकरी पेशी ही वानगी चाचपीत हिंडते. तंबाखूतील विषांनी पेशीच्या गुणसूत्रांत बिघाड केला म्हणजे प्रथिने बिघडतात व वानगीही निराळी दिसू लागते. ती ओळखता आली की मारेकरी पेशी तिला चिकटते, तिच्या कवचाला छिद्रे पाडणारी द्रव्ये सोडते व काही वेळात ती पेशी मरते. बी-पेशी प्रतिपिंडे बनवितात. महाभक्षक पेशी मेलेले, सडलेले गिळून टाकतात. पण त्यांचा भरवसा नाही. गाठीच्या सहवासात राहून त्यांतील कित्येक फितूर होतात, गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि मारेकऱ्यांची वाट अडवितात.

शिपायांची केवळ गणती पुरत नाही, ते उभे कोठे आहेत हेही पाहावे लागते. बीदरचा किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. शहराच्या अंगाला खडकातून कोरलेला तिहेरी खंदक आहे. वेढा घालणारी फौज कितीही मोठी असो, ती खंदकापलीकडे छावणी टाकून बसली तर किल्लेदाराची झोप मोडत नाही; तटाच्या आत पन्नास माणसे उतरली तर मात्र गोष्ट वेगळी. काही गाठींत टी-पेशी थेट कर्कपेशींच्या पुंजक्यांत घुसलेल्या असतात. काहींत त्या कडेला थांबलेल्या असतात. मधे तंतूंची जाड भिंत असते. आणि काही गाठींत शिपाई जवळजवळ नसतातच, उजाड माळ. या तीन प्रकारांत पहिला प्रकार रोग्याच्या दृष्टीने सर्वसाधारणपणे बरा व तिसरा वाईट. (दृष्टान्त येथे लंगडा पडतो हे कबूल केले पाहिजे. कर्कपेशी ही बाहेरून आलेली शत्रू नव्हे. ती घरचीच, बिघडलेली. म्हणूनच तिला ओळखणे इतके कठीण जाते.)

डोके व मान या भागातील कर्करोगाच्या अनेक देशांतील पाहण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे. ज्यांच्या गाठीत मारेकरी टी-पेशी दाट असतात, असे रोगी सरासरीने अधिक काळ जगतात व त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण कमी असते. घशाच्या मागील भागात, टॉन्सिलमध्ये व जिभेच्या मुळाशी, एका विषाणूमुळे होणारा कर्करोग असतो. त्याचे नाव मानवी पॅपिलोमा विषाणू. अशा गाठींत टी-पेशींची गर्दी बहुधा मोठी असते. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या विषाणूच्या घशाच्या कर्करोगाचे शंभरातील सुमारे ८२ रोगी तीन वर्षांनंतर हयात होते; विषाणू नसलेल्यांपैकी ५७. तथापि आपल्याकडे बहुतेक रोगी गालाचे व हिरडीचे, तंबाखू-सुपारीचे. म्हणून तिकडचा आकडा वाचून आपल्या माणसाचे भविष्य सांगू नये.

आता "सरासरी" या शब्दाविषयी. दहावीच्या मुलांना आम्ही सरासरी शिकवितो तेव्हा सांगतो, की वर्गाची सरासरी पन्नास गुण म्हणजे प्रत्येकाला पन्नास नव्हेत. रिपोर्टातील पांढऱ्या पेशींच्या ओळीचे तसेच आहे. ती ओळ शुभ असूनही रोग बळावलेला आम्ही पाहिला आहे. रोगाची पायरी ठरविताना डॉक्टर आजही मुख्यतः गाठीचा आकार, ती किती मिलिमीटर खोल गेली, मानेतील लसिकाग्रंथींत रोग पोहोचला आहे काय व त्या ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आला आहे काय, हेच पाहतात. खोली व आवरण या दोन गोष्टी तर २०१७ पासून लागू झालेल्या जागतिक वर्गीकरणात मुद्दाम घातल्या आहेत. पांढऱ्या पेशींची मोजणी त्यात नाही. तेव्हा रिपोर्ट हाती आल्यावर घरच्यांनी आधी विचारावयाचे प्रश्न हे : खोली किती, मानेतील गाठी किती, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत काय.

मानेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. गालातील गाठ लहान आहे, मानेला हाताला काही लागत नाही, मग मान का कापता, असे पुष्कळ नातेवाईक विचारतात. मामींनीही विचारले होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा छडा लावला व २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. तोंडाची गाठ काढतानाच मानेतील ग्रंथी काढल्या त्यांपैकी तीन वर्षांनंतर शंभरात ८० हयात होते. मानेला गाठ दिसेपर्यंत थांबले त्यांच्यात सुमारे ६७. साऱ्या जगाने हा निष्कर्ष उचलला.

याच रुग्णालयाची प्रयोगशाळा १९४१ मध्ये रुग्णालय उघडले तेव्हापासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ एक हजार रोग्यांचा अभ्यास त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९५५ मध्ये संघवी व राव यांच्यासह तंबाखू ओढणे व चघळणे यांचा घसा व तोंड यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी दाखविला. तंबाखूची पुडी कर्नाटकात व महाराष्ट्रात आजही मिळते. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून व कर्नाटकात २०१३ पासून बंद आहे, निदान कागदावर. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतीय पुरुषांत ओठ व तोंड यांचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे व वर्षाला एक लाखाहून अधिक पुरुषांना तो नव्याने होतो. यावर अधिक लिहीत नाही. लिहिले तर शाळेतील आमचे दोन सहकारी, जे हा लेख वाचताना गोळी मळीत असतील, ते रागावतील.

मूळ मुद्द्याकडे येतो. शिपाई आत उतरले आहेत, शत्रू ओळखला आहे, मग गाठ विरघळून का जात नाही? उत्तर असे, की या शिपायांना निसर्गानेच लगाम दिलेला आहे. लगाम नसता तर त्यांनी आपल्याच सांध्यांवर, ग्रंथींवर, आतड्यांवर हल्ला केला असता. कित्येक रोगांत तसे होतेही. टी-पेशीच्या अंगावर पीडी-वन नावाची एक कळ असते, तिचा शोध १९९२ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. ही कळ दाबली गेली की शिपाई थंडावतो. लबाड कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर नेमकी ती कळ दाबणारे बोट उगवून ठेवतात. शिपाई जवळ येतो, बोट कळीवर पडते, शिपाई उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागतो. याखेरीज गाठीत काही टी-पेशी अशा असतात की ज्यांचे कामच मुळी इतरांना आवरण्याचे. त्यांच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल मिळाले. एखाद्यास वाटेल, या आवरणाऱ्या पेशी गाठीत असणे वाईटच. पण तोंड-घशाच्या कर्करोगाच्या काही पाहण्यांत त्या जास्त असलेल्या रोग्यांचे बरे चाललेले दिसले! बहुधा जेथे लढाई जोरात तेथे आवरणारेही गोळा होतात. शास्त्रात असे होते, आणि मुलांना तेही शिकवावे.

होंजो व अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ मध्ये नोबेल मिळाले ते लगाम सोडविण्याच्या युक्तीबद्दल. कळीवर झाकण बसविणारी प्रतिपिंडे कारखान्यात तयार करून शिरेतून देतात. निव्होलुमॅब हे त्यांपैकी एक. डोके-मानेचा रोग उलटलेल्या ३६१ रोग्यांवरील मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. निव्होलुमॅब घेतलेल्यांपैकी एका वर्षानंतर शंभरात ३६ हयात होते, जुन्या औषधांवर असलेल्यांपैकी सुमारे १७. मात्र गाठ लक्षणीय लहान झाली ती शंभरातील सुमारे तेरा जणांची. म्हणजे औषध गुणकारी, पण सर्वांना नव्हे. लगाम सुटलेले शिपाई कधी फुप्फुसावर, आतड्यावर किंवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवरही धावतात, हेही ध्यानी ठेवावे.

आणि किंमत! आपल्या ट्रस्टच्या बैठकीत अशा औषधाचे अंदाजपत्रक एकदा वाचले गेले, तेव्हा खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. ते काही एकटे नव्हेत. गरीब व मध्यम देशांत शंभरांतील एक ते तीन रोग्यांपर्यंतच ही औषधे पोहोचतात. यावर टाटा रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आदींनी जो प्रयोग केला तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. प्रचलित मात्रा २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. त्यांनी दिली २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. म्हणजे बारावा हिस्सा, तोही लांबवून. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व अर्लोटिनिब या तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या. रोग बरा होण्याच्या पलीकडे गेलेले १५१ रोगी दोन गटांत वाटले. नुसत्या गोळ्यांवर वर्षअखेर शंभरात सुमारे १६ हयात होते. अल्प मात्रा जोडलेल्यांत ४३. हे २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. कळ झाकण्यास लागणारे औषध पूर्वी समजत होतो त्यापेक्षा फारच थोडे पुरते, असा त्याचा अर्थ. आकडे फुगवून पाहू नयेत. मध्यम आयुष्य सुमारे पावणेसात महिन्यांवरून दहा महिन्यांवर आले, एवढेच. परंतु ज्या घरात मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आले आहे त्या घरास विचारा, तीन महिने म्हणजे काय. ट्रस्टकडे मदतीचा अर्ज आणणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना ही अल्प मात्रा आपल्या रोग्यास चालेल काय, असे विचारण्यात संकोच करू नये. २०२५ पासून अमेरिकेत याच जातीचे एक औषध शल्यक्रियेपूर्वी देण्यासही मान्यता मिळाली आहे. गाठ अंगात असतानाच शिपायांना तिची ओळख पटावी हा त्यातील हेतू.

"प्रतिकारशक्ती वाढविणारे" चूर्ण, काढे, डबे घेऊन लोक येतात व मास्तर, हे देऊ का, असे विचारतात. वर लिहिले आहे त्यावरून वाचकांच्या ध्यानी आलेच असेल, की अडचण बहुधा शिपायांच्या संख्येची नसून दाबलेल्या कळीची व बंद वाटेची असते. चूर्णाने ती कळ सुटत नाही. त्या पैशांत हैदराबादच्या मेहदी नवाज जंग रुग्णालयाच्या, कलबुर्गीच्या किदवाई केंद्राच्या, नाही तर बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या दोन फेऱ्या होतील. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीतीही सोडावी. तुकड्यावाचून वरील एकही गोष्ट कळत नाही. चट्टा असतानाच दाखविणे सर्वांत स्वस्त. केरळात तिरुवनंतपुरम भागात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मामूंची शल्यक्रिया झाली, मान स्वच्छ केली, पुढे ज्याला आपल्याकडे "लाईट देणे" म्हणतात तेही झाले. तोंड पूर्ण उघडत नाही, भाकरी आमटीत कुसकरून खातात. चार वर्षे होत आली. ती जांभळ्या ठिपक्यांमुळे, की चाकूमुळे, की दोहोंमुळे, हे सांगता यावयाचे नाही. आम्ही विचारले तेव्हा डॉक्टर फक्त हसले.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तपासलेला तुकडा मेणाच्या लहानशा ठोकळ्यात पुरून ठेवतात व त्याचे पातळ काप काचपट्ट्यांवर घेतात. रोगी दुसऱ्या गावी गेला, किंवा पुढे पीडी-वनसंबंधीची तपासणी करावयाची झाली, तर हाच ठोकळा लागतो. तो मागून घ्यावा, पावतीसह, आणि चुलीपासून व उन्हापासून दूर ठेवावा, मेण वितळते. मामूंचा ठोकळा व काचपट्ट्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, शिधापत्रिका व आधार कार्डाशेजारी, मामींच्या कपाटात आहेत.